ते चार मार्क कोणाचे

"सुशे, तू तं परसादाच्या शिऱ्यातही खडा शोधून राहिली," असं आई मला म्हणायची. खोटं नव्हती म्हणत. आमचं घर विणकरांचं. बाबा मागावरून उतरवलेलं लुगडं उजेडासमोर धरून बघायचे, कुठं धागा सुटला, कुठं वीण विरळ पडली. मी लुगडं कधी विणलं नाही, पण माणसांना तसं उजेडाला धरून बघायची खोड मला लागली. त्याच खोडीवर मी पेन्शनीपर्यंत नोकरी केली, आणि बरी केली.

नोकरी होती मॅनेजमेंटच्या प्रवेशपरीक्षेच्या कचेरीत. नागपुरातली आणि आसपासची काही कॉलेजं मिळून एक परीक्षा घ्यायची, तिचे मार्क बघून मुलाखतीला बोलवायची. कचेरी धरमपेठेत, एका बंगल्याच्या तळमजल्यावर. वरच्या मजल्यावर घरमालक राहायचे. बिचारे सज्जन गृहस्थ, पण पेपरांच्या खोलीजवळून त्यांना मी कधी जिना उतरू दिला नाही. ते मागच्या लोखंडी शिडीनं ये-जा करत. बाहेरच्या खिडकीवर मी बसायची. आडनाव निखारे, म्हणून पोरं पाठीमागं मला 'निखारा' म्हणत. तोंडावर 'मॅडम'.

लोकांना वाटतं, अशा कचेरीत मोठं काम म्हणजे पेपर तपासणं. अजी, ते तर सगळ्यात सोपं. प्रश्नाला चार उत्तरं छापलेली, त्यातलं एक बरोबर. उत्तरपत्रिकेवर एका ओळीत अ / ब / क / ड अशी अक्षरं, मध्ये तिरप्या रेघा. बरोबर अक्षरावर पोरानं फुली मारायची. तपासायला आमच्याकडं एक जाड पुठ्ठा होता. बरोबर उत्तरांच्या जागी त्याला भोकं पाडलेली. पुठ्ठा पत्रिकेवर ठेवायचा, भोकांतून फुल्या दिसतील तेवढ्या मोजायच्या, झालं. भोकाबाहेर कोणी रामायण लिहून ठेवलं तरी बघायचं नाही. तपासणाऱ्या मुलींना तशी ताकीदच होती, कारण बघत बसलं की काम संपत नाही.

खरं कठीण काम पुढचं. ते मार्क आमच्या दारातून निघून कॉलेजच्या दारात सुखरूप पोचवणं. कारण मार्क वाटेत वाढत. जुन्या पद्धतीत मार्कांचं कार्ड आम्ही पोराच्या हातात द्यायचो आणि तो ते मुलाखतीला न्यायचा. आता हातात दिलेलं कार्ड घरी जातं, घरी मामा असतो, मामाकडं ब्लेड असतं.

इतवारीतले एक कापडवाले शेठ एकदा तणतणत आले. भाच्याच्या कार्डावर कॉलेजनं शंका घेतली म्हणून. कार्डावर एक्याऐंशी होते. मी कार्ड उजेडाला धरलं आणि म्हटलं, "शेठजी, हे एकतीस आहेत."

"काय बोलता मॅडम! तुमच्याच मशीनवर टाईप झालं आहे."

"आमच्या मशीनचा आठ वरून तुटका आहे. तुमचा आठ भलताच धष्टपुष्ट दिसून राहिला."

शेठ खिडकीशी वाकले. मग आवाज खाली आणून, अगदी धंद्याची चौकशी करावी तसं विचारते झाले, "तुटका आठ कुठं भेटते?"

दुसरा एक नमुना म्हणजे चष्म्याचा. उमेदवाराच्या फोटोत जाड भिंगांचा चष्मा होता. त्याच्या जागी बसायला थोरला भाऊ आला. चेहरामोहरा सारखा, सहीही घोटून आलेला. चष्माही धाकट्याचा लावून आला. पण याचे डोळे चांगले! बेंचांना धडकत, भिंत चाचपत गडी हॉलमध्ये शिरला. मी म्हटलं, "बावा, चष्मा काढ, तुला नीट दिसेल." काढला आणि हसला बिचारा. मग त्याच्या लक्षात आलं. त्याला मी चहा पाजला आणि मगच पोलिसांत द्यायची धमकी दिली.

अशा मामांना आणि भावांना कंटाळून कॉलेजांच्या मंडळानं निकाल कळवायची सगळी रीतच बदलली. ऐंशीनंतरची ही गोष्ट. एक, कार्ड आता पोराच्या हातात नाही; कचेरीतून थेट कॉलेजला, बंद लिफाफ्यात. दोन, कार्डावर नुसते मार्क नाहीत, तर शंभरातल्या किती जणांना मागं टाकलं तेही. तीन, आणि यावरच सगळा गोंधळ झाला, पोरगा आधी परीक्षेला बसला असेल तर ते जुने मार्कही नव्याच्या शेजारी छापायचे. आधी नुसते चांगले तेवढे दाखवता यायचे. आता सगळी कुंडली. चार, दोन परीक्षांमधली उडी फार मोठी दिसली तर निकाल राखून ठेवायचा, पोराला बोलवायचं, आणि समाधानकारक कारण मिळालं तरच सोडायचा. उत्तरपत्रिकाही नवी आली. फुल्या गेल्या, गोल आले. बरोबर उत्तराचा गोल पेन्सिलनं काळा करायचा, म्हणजे मशीनला वाचता येतो.

आईबापांनी खिडकीवर धुमाकूळ घातला. एक बाई म्हणाल्या, "एकदा पोरगं पडलं तं काय जन्मभर त्याच्या कपाळावर लिहून ठेवता काय वं?" मी म्हटलं, "मी नाही लिहत, मंडळ लिहते." पण मनातून मला हा नियम आवडला होता. जुनं आणि नवं शेजारी-शेजारी ठेवलं की लबाडी आपोआप उघडी पडते, असं मला वाटायचं.

नव्या रीतीचा पहिलाच निकाल लागला आणि छापायच्या कार्डांतला एक कच्चा मजकूर माझ्या हातात आला. सुधाकर वासुदेव लांजेवार, मुक्काम कुही. यंदा शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणांच्या पुढं. आणि शेजारी गेल्या वर्षीचे मार्क, शंभरपैकी चार.

चार! मी तो कागद घेऊन तडक घाटे सरांकडं गेले. घाटे सर चौकशी समितीचे अध्यक्ष, संख्याशास्त्राचे प्राध्यापक. संशयात ते माझेही गुरू. त्यांनी चाराकडं बोट केलं.

"निखारेबाई, अडाणी माणसानं डोळे मिटून फुल्या मारल्या तरी किती येतील?"

"चौथा हिस्सा यावा, सर. पंचवीसच्या आसपास."

"मग चार कसे येतात? चार यायला मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात." सर खुर्चीत मागं रेलले. "हा परीक्षेला बसलाच नव्हता. हा पेपर बघायला आला होता. प्रश्न पाठ करायचे, बाहेर जाऊन क्लासवाल्यांना सांगायचे, उत्तरं लिहायला वेळ कुणाला आहे? आणि यंदा त्याच मेहनतीचं फळ."

मला पटलं. असे पाठांतरवाले हेर तेव्हा खरंच फिरत होते. एकाला तर मी हॉलबाहेर पायरीवर बसून भराभर प्रश्न लिहून काढताना धरलं होतं. निकाल राखून ठेवला, सुधाकरला बोलावणं पाठवलं. ज्या दिवशी बोलावलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी कॉलेजची मुलाखतीची यादी बंद होणार होती. त्या आधी कारण पटलं तर ठीक, नाहीतर वर्ष गेलं.

ठरल्या दिवशी दुपारी तो आला. बारका, इस्त्री केलेला शर्ट, बोलताना मान खाली.

"कोणता क्लास लावला होता?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कुहीत कायचा क्लास, मॅडम! राईस मिलमध्ये हिशोब लिहितो. सुट्टी झाली की वाचतो."

उत्तर फार पटकन आलं. मी मनात टिपून ठेवलं.

"गेल्या वर्षी पेपर कसा गेला होता?"

"चांगला गेला होता."

"चांगला?"

"हो जी. बाबाले जाऊन सांगितलं होतं, होऊन जाईल म्हणून. मग चार आले." त्याची मान आणखी खाली गेली. "मग समजलो, आपल्याले डोकंच नाही. नुसतं वाटते आहे म्हणून."

"आणि यंदा डोकं कुठून आलं?"

"अभ्यास केला," एवढंच म्हणाला. अभ्यास केला असं तर सगळेच म्हणतात, शेठजींचा भाचाही म्हणाला होता. मी त्याला आत समितीसमोर पाठवलं.

दार लोटलेलं होतं, पण घाटे सरांचा आवाज बाहेर येत होता. त्यांनी त्याला तोंडी गणितं घातली. तो पटापट सांगत होता. मग पुन्हा तोच प्रश्न, गेल्या वर्षी काय झालं? आणि पुन्हा तेच, माहीत नाही सर. आवाज दर वेळी आणखी बारीक होत होता.

तेवढ्यात खिडकीसमोर एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. धोतर, टोपी, खिशाला दोन पेनं. इकडं तिकडं बघत हळूच म्हणाले, "मॅडम, तक्रार द्याची हाय."

"कोणाविरुद्ध?"

"सुधाकर वासुदेव लांजेवार."

मी सावध झाले. क्लासवाल्यांचं आपसात बिनसलेलं दिसतं, आता माल बाहेर पडेल. "तुमचा कोण तो?"

"पोरगा."

मी त्यांना आतल्या बाकावर बसवलं. खरं सांगते, आधी माझ्या मनात आलं ते शेतीच्या वाटणीचं भांडण. बाप पोराची तक्रार घेऊन कुहीहून बस धरून येतो म्हणजे काहीतरी पाणी मुरतं आहे.

"मी तहसीलीसमोर बसतो जी," ते म्हणाले. "अर्जनवीस. लोकायचे अर्ज लिहितो. उभा जन्म त्यातच गेला, पण खोटा अर्ज कधी लिहून देल्ला नाही. आता पेपरात त्याचं नाव आलं तं गावात लोकं म्हणून राहिले, लांजेवारच्या पोट्ट्यानं मार्क इकत घेतले. मी कोणाकोणाचं तोंड धरू? चार मार्कवाला पोट्टा एका वर्षात सगळ्यायच्या पुढं जाते कसा? मीच मले इचारतो, जाते कसा?"

"त्याला विचारलं का?"

"इचारलं. म्हणते, अभ्यास केला. गेल्या साली मीच त्याले बोललो होतो ना! चार मार्कवाला म्हणून हाक मारो. पाहुण्यायसमोरही. तवापासून तो माया संगं जेवत नाही, बोलत नाही. मंग खरं कोणाकडून समजन? तुमी चौकशी करा. पैशे देले असन तं निघन बाहेर."

"काका, लेखी तक्रार आली की त्याचा निकाल गोठतो. यादी उद्या बंद होते. प्रवेश जाईल त्याचा."

त्यांचा चेहरा पडला. हात टोपीवर गेला, परत आला. "चोरीचा असन तं जाऊ द्या," ते म्हणाले. "द्या कागद."

मी तक्रारीचा छापील अर्ज त्यांच्यापुढं सरकवला. माझं लक्ष निम्मं आतल्या आवाजाकडं होतं. अर्जाच्या डोक्यावर आमचं नेहमीचं: उमेदवार / पालक / शिक्षक / इतर. लागू नसेल ते खोडा. काकांनी पेनाचं टोपण काढलं आणि हात असा काही चालवला की मी बघतच राहिले. उमेदवारावर फुली, शिक्षकावर फुली, इतरवर फुली. मोकळा राहिला तो पालक. तशाच झपाट्यानं खालची ओळ, तिच्या खालची ओळ. वाचत होते की नाही कोण जाणे, हात आपला चालला होता.

"काका, तुम्ही रेघ नाही मारत? लोक तर आडवी रेघ मारतात."

"रेघ मारली तं कोनी बी पुढं लांबोते, मॅडम. शेजारचं बी खोडून टाकते. फुली पक्की. तिथल्या तिथं राहते." उभ्या जन्मात पहिल्यांदाच कोणी धंद्यातली गोष्ट विचारली असावी, कारण त्या अवस्थेतही त्यांना जरा बरं वाटलं. "फुली म्हंजे हे नाही. जे राहिलं ते खरं."

"हे सुधाकरला येतं?"

"येते म्हंजे? लहानपणापासून मायाजवळ बसे. गर्दी असली का मी नाव-गाव लिहो अन् तो खोडो. हाच त्याचा हात..."

मी उठले. काकांना काही न सांगता आतल्या खोलीचं दार ढकललं. मी सरांच्या कानाशी जाऊन सगळं सांगितलं.

सरांनी डोळे बारीक केले. "बाप बाहेर, पोरगा आत. घरून ठरवून आले असतील," ते कुजबुजले. माझा गुरूच तो! मग त्यांनी स्वतः उठून कपाट उघडलं, गेल्या वर्षीची कोरी उत्तरपत्रिका काढली. पोरांनी सोडवलेल्या जुन्या पत्रिका तर केव्हाच रद्दीत गेल्या होत्या, पण कोऱ्या चार-दोन उरलेल्या होत्या. सरांनी ती सुधाकरसमोर ठेवली आणि बाकी काही न बोलता म्हणाले, "समज, पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'ब' आहे. गेल्या वर्षी लिहिलं तसं लिही."

सुधाकरनं पेन उचललं. अ वर फुली. क वर फुली. ड वर फुली. बापाचाच हात. मग वर बघून पुढच्या प्रश्नाची वाट बघत थांबला.

सरांनी आणि मी एकमेकांकडं बघितलं. तो घाबरला. "काय झालं सर? फुली माराले सांगितली होती ना? चुकीच्यावर?"

"बरोबरवर," घाटे सर म्हणाले. "बरोबर उत्तरावर मारायची होती, बाळ."

मी आयुष्यात नाना तऱ्हेचे चेहरे बघितले, सोंगं घेतलेले, घोटून आणलेले. हे सोंग नव्हतं. तो त्या कागदाकडं बघत राहिला. आमच्या पुठ्ठ्यानं काय केलं होतं ते मला आता दिसत होतं. जिथं जिथं त्याला उत्तर येत होतं तिथं तिथं त्यानं बरोबर अक्षर मोकळं सोडलं होतं, आणि आम्ही भोकातून तेवढीच मोकळी जागा बघून पुढं सरकलो होतो. शेजारच्या तीन-तीन फुल्या पुठ्ठ्याखाली झाकलेल्या.

सरांनी कागदावर बोट ठेवलं. "मग ते चार कसले माहीत आहे का? ज्या चार ठिकाणी याचं उत्तर चुकलं, तिथं यानं बरोबर अक्षरावर फुली मारली. तेवढीच आपल्याला दिसली. यंदा फुल्याच नव्हत्या, गोल होते, म्हणून खरं काय ते दिसलं." त्यांनी चष्मा काढला. "आपण याला याच्या चुकांचे मार्क दिले, निखारेबाई."

सुधाकर हळूच म्हणाला, "म्हणजे मले येत होतं?"

"येत होतं रे बाबा."

तो रडला. मोठ्यानं नाही, पण चांगला रडला. एक वर्षभर मिलच्या वह्यांमध्ये मान घालून तो स्वतःला ढ समजत होता. संशयी म्हणून माझी ख्याती होती. पण त्या पोरानं स्वतःवर घेतला तेवढा संशय मी कोणावर घेतला नव्हता. मला त्या पुठ्ठ्याचा राग आला. तो कापला होता आमच्याच कचेरीत, आणि एवढी वर्षं त्याच्यावर मात्र मला कधी शंका आली नव्हती.

वासुदेवकाकांना मी आत बोलावलं. मुलगा आत आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि बाप बाहेर आहे हे मुलाला. दोघंही दचकले. सरांनी सगळं समजावून सांगितलं, शिक्षक होते, चांगलं सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं. टेबलावरची ती पत्रिका उचलून त्यांनी त्या तीन फुल्या बघितल्या. मग हातातला तक्रारीचा अर्ज घडी करून खिशात घातला.

"हे मीच शिकोलं जी," ते म्हणाले.

प्रवेशाचं आधीच सांगून टाकते, मिळाला. समितीनं 'कारण समाधानकारक' असं लिहून निकाल त्याच दुपारी सोडला. पण कार्डाचा प्रश्न उरला. नव्या नियमानं जुने मार्क छापायचेच, आणि शेरा लिहायला कार्डावर जागा नाही. सर म्हणाले, "मंडळाच्या पुढच्या बैठकीत ते चार काढून टाकायचा ठराव मांडतो. पण तोवर कार्ड थांबवावं लागेल. नाहीतर मुलाखतीत ते चार दिसणार, आणि कॉलेजवाले विचारणार."

यादी तर उद्या बंद होत होती. सुधाकर बापाकडं बघायचं टाळत होता. मी कार्ड टाईपच्या मशीनला लावून बसले होते.

"छापा मॅडम," काका म्हणाले.

"काका, चार दिसतील."

"दिसू द्या." ते मुलाजवळ गेले. खांद्यावर हात ठेवायला उचलला, तो अर्ध्यातच राहिला, मग ठेवला. "सुध्या, साहेब लोकं इचारतीन. तू मान खाली घालू नको गा. सांगजो त्यायले, बाजूचे अठ्ठ्याण्णव माहे अन् हे चार माया बापाचे."